जरा माझ्या स्पीडने चाल!

बाबांचा गुडघा दुखतो आणि माझी चाल लोकल पकडणाऱ्याची. त्यामुळे अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या नगरच्या, रणगाडा संग्रहालयात मी कायम चार रणगाडे पुढे! त्यांची वाट बघत जिच्यापाशी थांबले ती मटिल्डा. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश ‘इन्फन्ट्री टँक’. नाव बाईचं, वजन मात्र २७ टनांच्या आसपास.

थांबलेच होते, म्हणून मोबाइलवर तिची कुंडली काढली. पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर, म्हणजे चार बोटं जाड पोलाद. आत चौघं जण. बसला असतात तसली दोन डिझेल इंजिनं. आणि टॉप स्पीड? रस्त्यावर ताशी २४ किलोमीटर, कच्च्या जमिनीवर तर साधारण १४. “बास? एवढाच?” मी मोठ्यानेच म्हटलं.

तोवर बाबा पोहोचले. “अगं, पायदळाबरोबर चालायला बनवलीय ती. माणसांना मागे टाकून पळाली तर उपयोग काय?”

टोला बरोबर बसला.

डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या निबेइवा इथल्या इटालियन छावणीवर मटिल्डा सकाळीच चालून गेल्या. त्यांच्यासोबत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान होते. इटालियन तोफांचे गोळे चिलखतावर आपटून फुकट जात होते. काही तासांत छावणी पडली आणि मटिल्डा ‘वाळवंटाची राणी’ झाली.

पण ही ‘हळू चाला, सुखी राहा’ छाप गोष्ट नाही. जून १९४१ मध्ये हल्फाया खिंडीत जर्मनांच्या ८८ मिलिमीटर तोफांनी तेच चिलखत लांबूनच फोडलं. मटिल्डाची स्वतःची तोफ फक्त ४० मिलिमीटरची, त्यात तिच्याकडे स्फोटक गोळेच नव्हते. लपवलेल्या तोफांवर मारा करायचा कसा? मोठी तोफ बसवावी, तर टरेट अरुंद.

थोडक्यात, नुसतं सोबत चालून भागत नाही. समोरच्या संकटावर डागायला जवळ काहीतरी लागतं.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी ‘एवढी डेडलाइन होऊ दे’ म्हणत दोनदा पुढे ढकललंय. संग्रहालयाच्या गेटवरूनच डॉक्टरांना फोन लावला, तारीख पक्की केली. मग पार्किंगपर्यंत बाबांच्या बरोबरीने चालत गेले. ताशी दोन किलोमीटर, फार तर.