बिग पापी आणि हिरवी भिंत

माझ्या आईचा आणि बेसबॉलचा संबंध एका फोनपुरता आहे. २००९ च्या मे महिन्यात मी बॉस्टनहून तिला सांगितलं, "इथे सगळे बिग पापीच्या काळजीत आहेत गं." ती इंदूरहून म्हणाली, "पापी माणसाची कसली एवढी काळजी?"

तिची चूक नव्हती. स्पॅनिशमध्ये 'पापी' म्हणजे बाबा, आणि कॅरिबियन बेटांवर प्रेमाने कुणालाही तसं म्हणतात. हा बिग पापी म्हणजे डेव्हिड ऑर्टिझ. डोमिनिकन रिपब्लिकचा, सव्वासहा फुटांचा, हसला की दोन्ही कानांपर्यंत हसणारा. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचा सगळ्यात लाडका फलंदाज. आणि त्या वर्षी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याच्या बॅटला चेंडू लागेनासा झाला होता.

मी तेव्हा नोकरीनिमित्त तिथे होतो. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी जन्माने बॉस्टनचा होता, आणि त्याने माझी शिकवणी स्वतःहून अंगावर घेतली. महिन्याभरात मी सकाळी उठून पहिल्यांदा रात्रीचा निकाल बघायला लागलो.

फेनवे पार्कला जायचं तर तिथल्या मेट्रोच्या ग्रीन लाइनने केनमोर स्टेशनला उतरायचं. बाहेर आलं की एका इमारतीच्या डोक्यावर सिटगो या पेट्रोल कंपनीचा लाल त्रिकोण दिसतो. मग वाट विचारावी लागत नाही, लाल टोप्यांच्या मागे चालत राहायचं. हायवेवरचा पूल ओलांडला की कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर परतलेल्या सॉसेजचा वास येतो. (आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी भाजलेल्या शेंगांवर भागवावं. शेंगा बऱ्या असतात. टरफलं सगळे बिनधास्त पायाशीच टाकतात.)

स्टेडियम म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, तसं काही दिसतच नाही. विटांची बैठी जुनी इमारत, लोखंडी दारं. मला तर आपल्या बंद पडलेल्या मिलची आठवण झाली. ती रस्त्याला इतकी खेटून आहे की आत ३७ हजार माणसं बसत असतील यावर विश्वास बसत नाही. हे मैदान २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं आणि आजही वापरात असलेलं तिथल्या मोठ्या लीगमधलं सर्वांत जुनं मैदान तेच आहे. लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, काही खुर्च्यांसमोर छताचा खांब येतो, आणि खांबामागची ती तिकिटंही खपतात. मे २००३ पासून त्या दिवसापर्यंत एकही सामना असा नव्हता की तिकिटं उरली.

आत शिरल्यावर मात्र ती भिंत दिसते. डावीकडची, हिरवीगार, ३७ फूट उंच. नाव 'ग्रीन मॉन्स्टर'. मागे लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट असल्यामुळे मैदानाला त्या बाजूला पसरायला जागाच मिळाली नाही. सीमारेषा फलंदाजापासून जेमतेम ३१० फुटांवर आली, म्हणून भिंत उंच. जवळ आहे पण उंच आहे, यातच तिचा खोडसाळपणा. दुसरीकडे सहज झेल गेला असता असा उंच फटका इथे भिंतीला लागून परत येतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसवर पोचतो. उलट दुसरीकडे सरळ प्रेक्षकांत गेला असता असा सपाट, कडक फटका इथे भिंतीवर आपटून खाली पडतो. भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे आणि त्याच्या आत बसून माणसं अजून हाताने आकडे लावतात.

आता क्रिकेटवाल्यांसाठी थोडं. बेसबॉलमध्ये फलंदाजाला एका सामन्यात साधारण चार वेळा संधी मिळते. दहांपैकी तीन वेळा ज्याला चांगला फटका जमतो, तो उत्तम फलंदाज. म्हणजे उत्तम माणूसही दहांपैकी सात वेळा मान खाली घालून परत येतो. वर्षाला १६२ सामने, जवळजवळ रोज एक. त्यातून ऑर्टिझ होता 'डेझिग्नेटेड हिटर'. त्याने फक्त बॅटिंग करायची, फील्डिंग नाही. आपला एखादा फलंदाज शून्यावर गेला तरी स्लिपमध्ये एक झेल घेऊन थोडी भरपाई करतो, दोन ओव्हर टाकतो. याला ती सोय नाही. चार वेळा बॅट घेऊन जायचं आणि उरलेले तीन तास बाकावर बसून त्या चार वेळांचा विचार करायचा. मला वाटतं, खेळात याच्याइतकी एकाकी जागा दुसरी नसेल.

त्याचं घेणं काय होतं ते कळायला मागे जावं लागतं. रेड सॉक्स १९१८ मध्ये विजेते झाले आणि वर्षभराने त्यांनी बेब रूथ नावाचा खेळाडू न्यू यॉर्कच्या यांकीजना विकला. तो पुढे या खेळातला सर्वांत मोठा माणूस झाला. यांकीज जिंकत गेले, बॉस्टन हरत गेलं, आणि लोक म्हणायला लागले की हा रूथचा शाप आहे. टेड विल्यम्ससारखा फलंदाज होऊन गेला. उजवीकडच्या प्रेक्षकांत हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच खुर्ची लाल आहे; १९४६ मध्ये त्याने मारलेला चेंडू ५०२ फुटांवर तिथे बसलेल्या एका गृहस्थाच्या गवती हॅटवर आदळला होता. तोही विजेतेपदाशिवाय निवृत्त झाला.

ऑर्टिझ आला तो असाच, कुणाला नको असलेला. २००२ च्या शेवटी मिनेसोटाच्या संघाने त्याला सोडून दिलं होतं. त्याच वर्षीच्या पहिल्या दिवशी त्याची आई मोटार अपघातात गेली होती. होम रन मारून परत येताना तो दोन्ही हातांची बोटं आकाशाकडे करायचा ती तिच्यासाठी. २००४ मध्ये यांकीजविरुद्ध संघ ०-३ ने मागे होता, आणखी एक हार म्हणजे घरी. चौथा सामना ऑर्टिझच्या होम रनने बाराव्या इनिंगमध्ये संपला, पाचवा त्याच्याच फटक्याने चौदाव्या. मग पुढचे दोन्ही जिंकून संघ अंतिम फेरीत गेला आणि ८६ वर्षांनी विजेता झाला. तेव्हा लोक छोटे झेंडे घेऊन स्मशानात गेले आणि वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर ठेवून आले. माझ्या सहकाऱ्यानेही ठेवला होता. हे सांगताना तो नेहमीच्या विनोदी सुरात सुरू करायचा, पण शेवटपर्यंत तो सूर टिकायचा नाही.

तर त्या माणसाचा हात २००९ मध्ये चालेना. आदल्या वर्षी मनगट दुखावलं होतं. मागून येणारा मॅनी रामिरेझ दुसऱ्या संघात गेला होता, त्यामुळे पिचरना ऑर्टिझची भीती उरली नव्हती. चेंडू आत, छातीजवळ आला की बॅट उशिरा पोचायची. एप्रिल गेला, एकही होम रन नाही. १४ मे ला कॅलिफोर्नियात सात वेळा बॅटिंग करून शून्य. बेसवर उभे असलेले बारा भिडू त्याच्यामुळे तसेच राहिले. मॅनेजर टेरी फ्रँकोनाने त्याला पुढचे तीन सामने बाकावर बसवलं. ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणे, वय झालं, सन्मानाने बाजूला करा. दुसरा म्हणे, २००४ आठवा.

इंदूरच्या माणसाला या भांडणाचं नवल नाही. सी. के. नायडूंनी १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध अकरा षटकार मारले, आणि साठी उलटल्यावरही ते रणजी खेळत होते. आमच्या आजोबांना त्यांच्या उतारवयातल्या खेळाबद्दल कुणी एक शब्द बोललेला खपायचा नाही. माझं मत मात्र इतकं सरळ नव्हतं. जुन्या उपकारांपोटी आजची जागा द्यावी का? नव्या पोराने काय घोडं मारलं? हे मी सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जागा देऊ नये. पण टाळ्या द्यायला काय हरकत आहे?"

२० मे ला, बुधवारी, आम्ही गेलो. टोरांटोशी सामना होता. आमच्या जागा उन्हापावसाच्या, सेंटर फील्डच्या मागच्या, तिथल्या सर्वांत स्वस्तांपैकी. ऑर्टिझ पहिल्यांदा आला तेव्हा मी शिव्यांची वाट बघत होतो. आपल्याकडे पुतळे जाळलेले पाहिलेत ना! पण लोक उभे राहिले आणि त्याच्या नावाचा गजर सुरू झाला. माझ्या डावीकडे एक आजी गुडघ्यावर वही ठेवून प्रत्येक चेंडूची नोंद करत होत्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

पाचव्या इनिंगमध्ये ते घडलं. चेंडू आमच्याच बाजूला, सेंटर फील्डकडे आला. बॅटचा आवाज आमच्यापर्यंत पोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे आधी चेंडू वर गेलेला दिसला आणि मग 'टॉक' ऐकू आला. मोसमातला त्याचा पहिला होम रन. नंतर टीव्हीवर पाहिलं की तो बाकाकडे परतला तेव्हा भिडूंनी मुद्दाम त्याच्याकडे लक्षच दिलं नाही, जसं काही झालंच नाही, आणि मग सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. प्रेक्षक बसायला तयार नव्हते. शेवटी तो बाहेर येऊन सगळ्यांना हात करून गेला. सहकारी काहीच बोलला नाही. आजींनी वहीत खूण केली आणि तिच्याभोवती दोनदा गोल काढला.

एवढ्याने गाडी रुळावर आली असं नाही. मे संपला तेव्हाही त्याच्या नावावर तो एकच होम रन होता आणि क्रमवारीत त्याला तिसऱ्यावरून सहाव्यावर ढकललं होतं. मग जून उजाडला आणि हात सुटला. मोसमाअखेर एकूण २८. मध्ये जुलैअखेर एक बातमी आली: उत्तेजकांच्या २००३ च्या, गुप्त राहायला हव्या होत्या अशा चाचणीच्या यादीत त्याचं नाव होतं. आपण जाणूनबुजून असं काही घेतलं नाही, हे त्याने ऑगस्टमध्ये पत्रकारांसमोर सांगितलं. ऑफिसातले तट पुन्हा पडले, पण माणसं अदलाबदल होऊन. माझा सहकारी दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "रात्रीचा निकाल पाहिलास?"

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तोच दुष्काळ, पुन्हा तीच चर्चा, आणि वर्षाअखेर ३२ होम रन! तोवर मी इंदूरला परतलो होतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पाच दिवसांनी फेनवेवर माइक हातात घेऊन ऑर्टिझ शहराच्या वतीने बोलला, एका शिवीसकट, आणि ती शिवी कुणालाच खटकली नाही. त्या ऑक्टोबरमध्ये अंतिम फेरीत त्याची सरासरी होती .६८८, म्हणजे दहांपैकी जवळजवळ सात. विजेतेपद घरच्या मैदानावर मिळालं, १९१८ नंतर प्रथमच. वय सदतीस. आमच्याकडे तेव्हा सकाळ होती, आणि आईने पोह्यांची बशी पुढे ठेवत विचारलं, "तोच का रे तो पापी?"

तुमच्यापैकी बरेच जण आता शिकायला तिकडे जातात. सामन्याचं तिकीट महाग वाटलं तर दिवसा मैदानाची सहल असते, साधारण तासाभराची, त्यात भिंतीवरच्या खुर्च्यांवरही नेतात. केनमोरहून जाताना हायवेवरचा तो पूल लागेल. २०१६ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा पुलाला त्याचं नाव दिलं. पाटी आहे, थांबून वाचा. आणि उजवीकडच्या खुर्च्यांत ती लाल खुर्ची शोधा. तिथून फलंदाजाची जागा किती लांब दिसते हे फोटोत कळत नाही.