पाय टेकला पाहिजे

रामनगरला किल्ल्यासमोरच्या गर्दीत, रामलीलेच्या दिवसांत तर विशेषच, दर दहा पावलांवर पाय टेकावा लागतो. माझी हिमालयन ४५०: वजन १९६ किलो, सीट ८२५ मिलिमीटर उंच. डावा गुडघा एका जुन्या पोस्टिंगने नेलेला. नुसती बोटं टेकली की सगळा भार त्याच्यावर. "सर, गाडी विकून टाका," असं मित्र म्हणू लागले.

मिस्त्री म्हणाला, मागच्या शॉकचा प्रीलोड सैल करू. त्याने गाडी खाली बसते खरी, पण खड्ड्यात शॉक तळाला आपटतो, आणि मागे सौ. बसलेली असते. म्हणून लिंक बदलून मागून २५ मिलिमीटर उतरवली आणि आमच्या वजनाला साजेशी कडक स्प्रिंग टाकली. पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून त्याच बेताने वर सरकवले, नाहीतर नाक वर राहून हँडल सुस्त होतं. फोर्क पूर्ण दबल्यावर चाक कुठे घासत नाही ना, तेही पाहिलं. साइड स्टँड कापून घेतला. लांब राहिला तर गाडी नीट कलत नाही, उजवीकडे पडते.

ग्राउंड क्लिअरन्स मूळ २३० मिलिमीटर होता, तो घटला. दगडधोंड्यांत जपावं लागेल. पण आता दोन्ही टाचा टेकतात. पुढच्या सुट्टीत बनारस ते पुणे, दोघंही.