गोळीबरोबर माणूसही हवा

घरात कुणाला ताप आला तर शेजारीपाजारी विचारपूस करतात. मनाचा आजार झाला की तेच शेजारी दार लावून घेतात. स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता. यात माणसाच्या कानात नसलेले आवाज येतात, आपल्या वाईटावर कुणीतरी टपले आहे असा पक्का संशय बसतो. मग भगत, अंगारे-धुपारे सुरू होतात. पैसा जातो आणि आजार बळावतो.

मी कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीत फिरतो. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा मुलगा याच आजाराने त्रस्त आहे. बरे वाटले की तो गोळ्या सोडतो, आणि पुन्हा तेच सुरू होते. मावशी म्हणाल्या, "गोळ्या दवाखाना देतो भाऊ. पण मी दिवसभर चार घरची धुणीभांडी करते, तेव्हा त्याला 'गोळी घे रे' म्हणायला घरी कोण हाय?"

या प्रश्नावर आपल्याच देशात काम झालेले आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९५ जणांना फक्त दवाखान्याचे उपचार मिळाले. उरलेल्या १८७ जणांच्या घरी त्याशिवाय आरोग्यसेवक जात होते. हे सेवक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. गोळ्या चालू राहतील हे पाहणे, घरच्यांना आजार समजावणे, रुग्णाला रोजच्या कामांकडे आणि रोजगाराकडे वळवणे, हे त्यांचे काम. वर्षाअखेर या रुग्णांचा त्रास आणि परावलंबन थोडे अधिक कमी झाले. फरक माफकच होता, आणि तो तामिळनाडूच्या ग्रामीण भागात ठळक दिसला. पण जिथे डॉक्टर दूर आहेत, तिथे हा आधार मोलाचा आहे.

बंधू-भगिनींनो, औषध डॉक्टरांनीच द्यावे. पण रुग्णाला 'वेडा' न म्हणणे, त्याच्यासोबत दवाखान्यात जाणे, त्याच्या आईला तासभर मोकळीक देणे, हे आपण करू शकतो. रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. सल्ल्यासाठी १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी फोन मोफत आहे. हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आपल्या नाही, तर शेजारच्या घराला तो लागेल.