तेराव्या प्रकरणापासून

शांघायच्या फूशिंग बागेत भल्या सकाळी उंच झाडांखाली ताई ची करणाऱ्यांचे घोळके जमतात. नोकरीनिमित्त त्या शहरात राहत असताना मी तिथे ज्यांच्याकडे शिकले, त्यांना आम्ही सगळे ‘लाओशी’ म्हणायचो, म्हणजे गुरुजी. आपलं नाव छापून आलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण त्यांचं देणं इतकं मोठं आहे की त्याबद्दल गप्प राहणं मला जमणार नाही.

सुन त्झूच्या युद्धशास्त्राची प्रकरणं तेरा. वाचणारे पहिल्यापासून वाचतात. ताई ची शिकवताना लाओशींनी मला ती शेवटच्यापासून शिकवली. तेरावं प्रकरण हेरांवर आहे. शत्रूची खबर देवाधर्माला कौल लावून मिळत नाही, ती माणसांकडूनच काढावी लागते, असा त्याचा रोख. लाओशी मनगट पुढे करायचे आणि म्हणायचे, “तुझी कातडी हे तुझे हेर. आधी त्यांना कामाला लाव.”

थुईशोउ म्हणजे जोडीने करायचा सराव. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हाताला हात टेकवायचा आणि ढकलणं, ओढणं, वळवणं सगळं त्या स्पर्शातून करायचं. लाओशी मला डोळे मिटायला लावत. माझा हात त्यांच्या हातावर अलगद टेकलेला. मग विचारत, “माझं वजन आत्ता कुठल्या पायावर आहे?” सुरुवातीला मी अंदाजच करायचे. हळूहळू उत्तर आपसूक यायला लागलं. डावी टाच जमिनीत रुतली की उजव्या मनगटाखाली किंचित पोकळी जाणवते. धक्का द्यायचं मनात आलं की हात हलण्याआधी कोपर जड होतो. मात्र मी जोर लावला की हे सगळं एकदम बंद. ताठ झालेल्या स्नायूला स्वतःचा ताण सोडून दुसरं काही कळत नाही. ताई चीतल्या मऊपणाबद्दल पुष्कळ गूढ बोललं जातं. मला पटलेलं कारण साधं आहे आणि ते लष्करी आहे: मऊ हाताला खबर मिळते, ताठ हाताला मिळत नाही.

मग सहावं प्रकरण आलं, पोकळ आणि भरीव यांचं. शत्रू जिथे भक्कम तिथे जायचं टाळावं, जिथे रिकामा तिथे घुसावं. बागेत याचा अर्थ असा की मी छातीवर जोर टाकायला जावं आणि छाती तिथे नसावी. लाओशी मागे हटायचे नाहीत. कंबर जराशी वळायची, बस्स. जिना संपल्यावर आणखी एक पायरी असेल म्हणून टाकलेल्या पावलासारखं माझं वजन पुढे जायचं, आणि तेवढ्या वेळात त्यांचा तळवा माझ्या बरगडीवर टेकलेला असायचा. ढकलायचे क्वचितच. मला कळलं की ते थांबत.

“मग हे कुणी कुठून आणलं?” असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी छी जिगुआंगचं नाव घेतलं. हा सोळाव्या शतकातला मिंग सेनापती, चच्यांगच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढलेला. त्याच्या लष्करी ग्रंथात हातघाईच्या 32 पवित्र्यांचं एक प्रकरण आहे. हनान प्रांतातल्या चेन गावच्या ताई चीत त्यातले 29 सापडतात, असं विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दाखवलं. गंमत म्हणजे खुद्द छीचं मत असं की मोठ्या लढाईत मुष्टियुद्धाचा फारसा उपयोग नाही. हातपाय मोकळे व्हायला मात्र ते उत्तम. लाओशींना यात विरोध दिसत नसे. छीची तुकडी बारा जणांची: पुढे ढाली, त्यामागे फांद्या न छाटलेले लांब बांबू शत्रूला अडवून धरायला, त्या आडून भाले. लाओशी आपला डावा हात पुढे धरत आणि म्हणत, “हा बांबू. याने मारायचं नाही, अडकवून ठेवायचं.” मग उजवा हात त्याच्या आडून निघे. बारा माणसांची ती रचना एका शरीरात उतरलेली मी फूटभर अंतरावरून पाहिली आहे.

चीन सरकारच्या क्रीडा आयोगाने 1956 साली ताई चीचा चोवीस हालचालींचा सोपा संच काढला आणि ती घराघरांत पोचली. त्यातून कोट्यवधी लोकांची तब्येत सुधारली, हे फार मोठं काम झालं. पण संच सोपा करताना समोरचा माणूस गळला, आणि समोर माणूस नसेल तर हेर पाठवायचे कुणाकडे? मला याची खंत वाटते. लाओशींनी आयुष्यभर तो समोरचा माणूस होऊन दाखवलं. थंडीतही हात पुढे करून उभे राहिले, माझ्यासारख्या परक्या मुलखातून आलेल्या, चाचरत चिनी बोलणाऱ्या बाईसाठीसुद्धा. फीचा विषय काढला की ते पुढच्या सरावाची वेळ सांगत.

मी त्यांना एकच गोष्ट देऊ शकले. 1659 सालचा प्रतापगड सांगितला. वाईच्या मोकळ्या मुलखात अफजलखानाचे हत्ती, तोफा आणि घोडदळ भारी होतं, म्हणून शिवाजी महाराजांनी भ्यायल्याचं दाखवून त्याला जावळीच्या रानात उतरवून घेतलं. लाओशींनी गोष्ट मधेच थांबवली. त्या दोघांच्या भेटीत काय घडलं यापेक्षा त्यांना वाटेत जास्त रस होता. घाट किती अरुंद? सैन्य किती लांबवर पसरलं? परतीची वाट कोण राखून होतं? मी बाकावर बोटाने कोयनेचं खोरं काढलं. ते बराच वेळ त्या न दिसणाऱ्या नकाशाकडे बघत राहिले. मग उठून माझा हात धरला, माझा धक्का आपल्याकडे येऊ दिला, आणखी येऊ दिला, आणि मी पुरती त्यांच्या अंगणात गेल्यावर म्हणाले, “जावळी.” त्या दिवसापासून त्या हालचालीला आमच्या घोळक्यात तेच नाव पडलं. शांघायची म्हातारी माणसं आपापल्या उच्चारात ‘जावळी’ म्हणत एकमेकांना आत ओढायची.

आता त्यांचे गुडघे धरतात, थुईशोउ बंद आहे. फोनवर बोलतो तेव्हा तब्येतीची चौकशी ते दोन वाक्यांत उरकतात. मागच्या वेळी मी 1661 च्या उंबरखिंडीच्या लढाईचा उल्लेख केला, कारतलबखान खिंडीत कसा कोंडला गेला तेवढाच. तेव्हापासून त्यांचा प्रश्न एकच: खिंडीच्या आसपास पाणी कुठे कुठे होतं, आणि ते कुणाच्या ताब्यात होतं? येत्या हिवाळ्यात मी स्वतः जाऊन ती वाट चालणार आहे, आणि पाण्याच्या जागा खुणावून नकाशा त्यांना पाठवणार आहे.