‘आपल्याला डासांची सवय आहे!’

केनियातल्या मसाई माराची सफारी ठरलेली. दुर्बीण घेऊन झाली, चिवड्याची पाकिटं बांधून झाली. निघायला चार दिवस उरले आणि टूरवाल्याचा फोन येतो, “पिवळं कार्ड काढलंत ना?” मग घरातलं कुणीतरी धावतपळत दवाखान्यात हजर. परदेशी जाणाऱ्यांच्या आरोग्याचं काम करताना हा प्रसंग माझ्या चांगलाच ओळखीचा झाला आहे.

पिवळं कार्ड म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला. लस टोचल्यावर दहा दिवसांनीच तो ग्राह्य धरतात, कारण शरीराला संरक्षण उभं करायला तेवढा वेळ लागतो. आज लस घेऊन चार दिवसांनी निघालेला आणि पाच दिवसांत परतलेला प्रवासी कच्चं कार्ड घेऊनच मायदेशी उतरतो. खरी अडवणूक इथे, आपल्याच विमानतळावर होते. भारतात पीतज्वर नाही. मात्र तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपल्या डेंगीचाच डास, घरोघरच्या कुंड्यांत आणि पिंपांत वाढतो. विषाणू आत येण्याचीच खोटी आहे. त्यामुळे केनियाहून वैध दाखल्याविना आलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं.

लस जुनी आणि भरवशाची. तिच्या संशोधनासाठी मॅक्स थायलर यांना १९५१चं नोबेल मिळालं. जुलै २०१६पासून एकदा घेतलेल्या लसीचा दाखला आयुष्यभर चालतो. पण ती जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, गर्भवती, प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण आणि साठीनंतर पहिल्यांदाच ती घेणारे यांनी आधी डॉक्टरांशी नीट बोलायला हवं.

कार्ड हातात आलं की गडी निर्धास्त होतो. मलेरियाच्या गोळ्यांचा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं : “डॉक्टर, आपण डासांतच वाढलो. आपल्याला सवय आहे!”

ही सवय काही कामाची नाही. मलेरियाविरुद्धची थोडीफार प्रतिकारशक्ती लहानपणापासून पुन्हा पुन्हा लागण झालेल्यांनाच येते आणि तो मुलूख सोडला की तीही ओसरते. केनियात गाठ पडते ती मुख्यतः मलेरियाच्या फाल्सिपेरम या परजीवीशी. उपचार लांबले तर तो मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत मजल मारतो. आपल्या ओळखीची क्लोरोक्विन तिथे त्याच्यापुढे टिकत नाही.

धोका सगळीकडे सारखा नसतो. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने तिथे तो कमी. मोंबासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर यांत बराच जास्त. मसाई माराही त्यातून सुटलेलं नाही, म्हणून प्रतिबंधक गोळ्या हव्यातच. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. कुणाला कोणती चालेल हे डॉक्टर ठरवतील, पण घरी पोचताच गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. तंबूबाहेर शेकोटी पेटते तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास दूर ठेवणारं मलम, झोपताना मच्छरदाणी हवीच.

व्हिक्टोरिया सरोवरात पाय बुडवायचा मोह होतो. तिथल्या पाण्यात गोगलगायींतून बाहेर पडणारे बिल्हार्झिया या रोगाचे सूक्ष्म जीव धड कातडीतूनही आत शिरतात. नाव अनोळखी वाटेल. मात्र या रोगाचं भारतातलं एक दुर्मीळ ठिकाण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात सापडलं होतं.

आणि शेवटचं सांगणं परतल्यानंतरचं. फाल्सिपेरमचा ताप डास चावल्यानंतर साधारण आठवडाभराने येऊ शकतो, तसा महिन्या-दोन महिन्यांनीही. तोवर फोटो दाखवून झालेले असतात, सफारी विसरलेली असते आणि ताप ‘व्हायरल’च्या नावावर खपतो. परतल्यापासून तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : “मी आफ्रिकेला जाऊन आलोय.” आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.