विस्मरणाची विद्या

ज्या व्यवसायाचे यश त्याच्या खुणा पुसल्या जाण्यात असते, त्या व्यवसायातील माणसाचे स्मरण करणे ही मोठी अवघड बाब आहे. शिल्पकाराची मूर्ती मागे उरते, शिक्षकाचा एखादा धडा विद्यार्थ्याला जन्मभर पाठ असतो, वैद्याची मात्रा लागू पडली की रोगी चारचौघांत तिचे गुण गातो. परंतु ज्या मुलाला ‘र’ म्हणता येत नव्हता आणि पुढे येऊ लागला, ते मूल आपल्याला तो कोणे एके काळी येत नव्हता हेच विसरून जाते, आणि तसे ते विसरले नाही तर उपचार पुरा झाला असे म्हणता येत नाही. माझी आई या विद्येची उपासक होती. मुंबईतील एका मराठी शाळेत तिने आपली सारी नोकरी वाचोपचारात घालवली आणि तिच्या मागोमाग मीही त्याच धंद्यात शिरले. त्यामुळे तिच्याविषयी लिहिताना मुलीने कोठे थांबावे आणि तिच्या हाताखालच्या उमेदवाराने कोठे बोलू लागावे, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

तिने ही विद्या घेतली तेव्हा ती आपल्या देशात नवीच होती. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयात त्याच दशकात या विषयाचे शिक्षण मिळू लागले होते, आणि आई तेथेच शिकली. वांद्र्याची राष्ट्रीय संस्था निघायला १९८३ साल उजाडले, आणि या व्यवसायातील माणसांची रीतसर नोंदणी होऊ लागली ती १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानंतर. तिच्या शाळेच्या मंजूर पदांत वाचोपचारकाचे पद नसल्याने हजेरीपटावर ती अखेरपर्यंत ‘सहशिक्षिका’ राहिली. तिला खोली मिळाली ती जिन्याखालची, जुने नकाशे आणि मोडकी बाके ठेवण्याची. तीत तिने एक लांबट आरसा मुलांच्या उंचीला लावून घेतला, इतका खाली, की तिला स्वतःला त्यात पाहण्यासाठी जमिनीवर मांडी घालून बसावे लागे, आणि मग मुलाचा चेहरा आणि बाईंचा चेहरा शेजारी शेजारी, एकाच पातळीवर दिसत. या आरशाखेरीज तिचे भांडवल म्हणजे उकळून घेतलेल्या लाकडी पट्ट्या, एक नोंदवही आणि ओठांपुढे धरावयाच्या कागदाच्या चिंचोळ्या चिठ्ठ्या. ‘प’ म्हटला तर चिठ्ठी जेमतेम हलावी आणि ‘फ’ म्हटला तर उडावी, एवढ्या एका दृश्याने अल्पप्राण आणि महाप्राण यांतील भेद पहिलीतल्या मुलाला जसा समजे, तसा तो व्याकरणाच्या तासाला सातवीतल्या मुलालाही समजत नसे.

आपल्या वर्णमालेचा तिला विलक्षण अभिमान होता, आणि तो भावनेचा नव्हता, उपयोगाचा होता. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशी उच्चारस्थानांची जी मांडणी प्राचीन शिक्षाकारांनी केली, ती तिच्या दृष्टीने मुखाचा नकाशाच होता, आणि खोलीतल्या भिंतीवर इतर नकाशांशेजारी तिने तो टांगलाही होता. मात्र हा नकाशा कंठापासून ओठांकडे येतो आणि मूल बहुधा ओठांपासून आत आत जाते, हे ती पालकांना आवर्जून सांगत असे. ‘बाबा’ आणि ‘मामा’ आधी येतात, ‘क’ मागाहून येतो, आणि ‘र’ तर सर्वांच्या शेवटी आला तरी त्यात चिंतेचे कारण नसते. म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या बोबडेपणाची तक्रार घेऊन आलेल्या आईला ती पुष्कळदा नुसती धीर देऊन परत पाठवी. ‘ळ’ची गोष्ट आणखी निराळी. इतर व्यंजने शब्दाच्या आरंभी ठेवून शिकवता येतात. ‘ळ’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही. तेव्हा त्याला आधी एका स्वराचा हात धरून आणावे लागते, अळ, आळ, इळ, उळ, आणि मग फळा, काळा, बाळ. परक्या भाषेतील ग्रंथांवरून ही विद्या शिकलेल्या आईला या पायऱ्या स्वतःच बांधाव्या लागल्या होत्या.

त्या ग्रंथांत तिच्या विशेष आवडीचा होता चार्ल्स व्हॅन रायपरचा ‘स्पीच करेक्शन’. मूळचा १९३९ सालचा हा ग्रंथ लिहिणारा अमेरिकन प्राध्यापक स्वतः तोतरा होता, याचे तिला फार कौतुक. जिभेआधी कान तयार करावा, मुलाने आपला दोष प्रथम दुसऱ्याच्या मुखात ओळखावा, ही त्याची शिकवण तिने शब्दशः पाळली. ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणणारे मूल आले की पहिल्या काही भेटींत ती त्याला बोलायलाच लावत नसे; स्वतःच ‘लस्ता’, ‘लात्र’, ‘लविवाल’ असे मध्येच बोलून जाई, आणि मुलाने टाळी वाजवून तिला पकडायचे. बाईंची चूक काढण्याची मुभा मिळालेले ते मूल असे काही सावध होऊन ऐके, की पाहणाऱ्याला हा उपचार चालला आहे अशी शंकाही येऊ नये. मग जिभेची पाळी. ‘ल’ म्हणताना जिभेचा शेंडा वरच्या दातांमागे टेकून राहतो आणि हवा दोन्ही बाजूंनी वाहते. ‘र’ म्हणताना तोच शेंडा निमिषार्धात टेकतो आणि सुटतो. हे सुटणे सांगून येत नाही. म्हणून ती ‘ट्रक’, ‘पत्र’, ‘चंद्र’ असे शब्द घेई, ज्यांत आधीचे व्यंजन जीभ वर नेऊन ठेवते आणि ‘र’ला केवळ तेथून निसटण्याचे काम उरते. एखाद्या दिवशी तो निसटे. मुलाचे डोळे आरशात मोठे होत, आणि आई अगदी कोरड्या स्वरात म्हणे, “हं, पुढचा शब्द.”

हा कोरडेपणा मला उमेदवारीच्या दिवसांत खटकत असे. शाबासकी का देत नाहीस, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “खोलीतला र माझा आहे. मैदानावरचा र त्याचा. माझ्या र ला शाबासकी कशाला?” तिच्या कलेचे मर्म या उत्तरात आहे. आरशापुढे शुद्ध आलेला वर्ण दाराबाहेर पडताच लोपतो, हा आमच्या धंद्यातला नित्याचा अनुभव. आणि पुस्तके ज्याला उपचाराचा शेवटचा टप्पा म्हणतात, त्यालाच ती खरा आरंभ मानी. शाळेच्या शिपाईमामांना तिने यासाठी फितवून ठेवले होते. मुलाला ती “मामा, रंगीत खडू द्या” असा निरोप देऊन पाठवी, मामा काहीही न सुधारता, भुवईही न हलवता खडू देत आणि संध्याकाळी जिन्याखाली येऊन जबानी देत, “आज र आला, पण धावत आला तेव्हा ल च होता.” नोंदवहीत त्या जबानीला आरशापुढच्या शंभर शुद्ध उच्चारांपेक्षा अधिक किंमत असे.

तोतऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र तिचा शिरस्ता उलटा होता. दोन ते पाच या वर्षांत हा दोष बहुधा उपजतो, पुष्कळांच्या बाबतीत आपोआप मावळतो आणि तरीही मोठ्या माणसांत शंभरात सुमारे एकाजवळ राहतो. तेव्हा येथे विसरण्याचे काम मुलाकडून करून घेता येत नाही, ते ऐकणाऱ्याने करायचे असते. “सावकाश बोल”, “श्वास घे” हे उपदेश तिने शिक्षकांना बंद करायला लावले. हजेरीला ‘हजर’ म्हणताना ज्याचा ‘ह’ अडतो, त्याला नुसता हात वर करण्याची सवलत तिने वर्गशिक्षकांकडून मिळवली, आणि सामुदायिक प्रार्थनेत अशाच मुलांना ती पुढच्या ओळीत उभे करी. कारण समूहाबरोबर म्हणताना अडखळणे जवळजवळ नाहीसे होते, आणि आपला आवाज अखंड वाहू शकतो हे त्या मुलाला रोज एकदा तरी कळावे, एवढाच तिचा हेतू असे.

घरी ती वाचोपचारक नव्हती, असे मी कितीतरी वर्षे समजत होते. लहानपणी मी ‘क’ला ‘त’ म्हणत असे. “तातू आली” असे मी ओरडत गेले, की आई म्हणे, “हो, काकू आली. काकूच्या पिशवीत काय काय आहे, बघ बरं.” ‘क म्हण’ असे तिने मला एकदाही फर्मावले नाही. पुढे शिकताना, मुलाची चूक न दाखवता तेच वाक्य शुद्ध करून, थोडे वाढवून परत द्यावे, हे प्रकरण मी वाचले, आणि एका वाक्यात चार-चार ‘क’ पेरणारी ती काकूची पिशवी माझ्या ध्यानात आली. माझ्यावर उपचार झाला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे तो यथासांग झाला होता.

निवृत्तीनंतर एकदा ती पेन्शनच्या चौकशीला बँकेत गेली, तेव्हा मी बरोबर होते. खिडकीमागचा कारकून म्हणाला, “आजी, मध्ये रविवार आला, वर रामनवमीची रजा, रक्कम मंगळवारी जमा होईल.” आई क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “हा माझा लविवाल.” मी म्हटले, “मग ओळख का दिली नाहीस?” ती म्हणाली, “दिली असती तर त्याला र आठवला असता, आणि मग दिवसभर अडखळला असता बिचारा.”

ती गेली तेव्हा समाचाराला तिचे सहकारी आले, शिपाईमामांचा मुलगा आला, काही वृद्ध आईबापही आले. तिच्याकडे शिकलेली मुले, एक-दोघे वगळता, आली नाहीत, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. उपचार संपला म्हणजे ती नोंदवहीत तारखेपुढे ‘बंद’ एवढेच लिहीत असे, पालकांनी दाखला मागितला तर म्हणे, “दाखला दिला की दोष कायमचा दप्तरी लागला.” आज माझ्याकडे येणाऱ्या पालकांना अहवाल लागतो, आणि जेथे कायद्याने किंवा सवलतीसाठी त्याची गरज आहे तेथे मी तो देतेही, परंतु पूर्वी मूल कसे बोलत होते आणि आता कसे बोलते, याची चित्रफीत जोडून दाखवावी, नातेवाइकांना पाठवावी, अशी जी नवी हौस निघाली आहे, तिला मी साफ नकार देते. पहिल्या भेटीचे ध्वनिमुद्रण माझ्या कामापुरते माझ्याजवळ राहते आणि काम संपल्यावर मी ते पुसून टाकते. पालक क्वचित रुसतात. त्यांना मी सांगते, की तुमच्या मुलाला बोलता येऊ लागले आहे; आता ते शिकवावे लागले होते, हे त्याला कळवण्याची घाई कशासाठी?