मास्तर शिकू लागले

शिकण्याचे म्हणून एक वय असते, असे आपण सारेच धरून चालतो. ते वय सरले की माणसाने कमवावे, मुलांना शिकवावे, आणि स्वतः मात्र शिकण्याच्या भानगडीत पडू नये, असा जगाचा अलिखित नियम आहे. पन्नाशी उलटलेला गृहस्थ गिटारीसारखे वाद्य मांडीवर घेऊन बसला, तर लोक हसणारच! हदगावचे मास्तर तरी या हसण्यातून कसे सुटावेत?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कपडे शिवणाऱ्या कारागिरालाही आपल्याकडे लोक मास्तरच म्हणतात. हदगाव हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. ती ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. भोवताली काळी जमीन, आणि तिच्यावर कापूस, सोयाबीन, हळद अशी पिके. बाजारपेठेतील एका अरुंद गाळ्यात मास्तरांचे दुकान आहे. एक पायमशीन, कापड बेतण्याचे एक टेबल, खुंटीला टांगलेली मापाची फीत आणि भिंतीशी गिऱ्हाइकांसाठी एक बाकडे, एवढाच त्या दुकानाचा संसार. जूनमध्ये शाळांचे गणवेश, दिवाळीत नवे सदरे आणि उन्हाळ्यात लग्नसराई, अशी त्यांच्या वर्षाची वाटणी ठरलेली असे. पुढे तयार कपड्यांची दुकाने वाढली. मास्तरांचे काम अगदी थांबले नाही. पण संध्याकाळ मोकळी राहू लागली. मोकळी संध्याकाळ ही काही सुखाची गोष्ट नव्हे. हाताला कामाची सवय असली की तो हात रिकामा बसत नाही. तो मनाला टोचत राहतो.

अशाच एका संध्याकाळी गावातील एक महाविद्यालयीन तरुण आपली गिटार घेऊन आला. तिला जाड कापडाची गवसणी शिवून हवी होती. माप घ्यायचे म्हणून वाद्य दोन दिवस दुकानात राहिले. मास्तरांनी फीत लावून तिची लांबी घेतली, कमरेचा घेर घेतला, मान मोजली. एखाद्या बारीक कमरेच्या मुलीचे झबले बेतावे, तशी त्यांनी ती गवसणी बेतली. मोजता मोजता फितीचे पितळी टोक एका तारेला लागले आणि दुकानभर एक खोल, गोल आवाज पसरला. मास्तर थांबले. त्यांनी तीच तार बोटाने पुन्हा छेडली. मग तिसऱ्यांदा.

काही महिन्यांनी तो तरुण नोकरीसाठी पुण्यास निघाला, तेव्हा मास्तरांनी थोडे संकोचूनच त्या गिटारीची किंमत विचारली. चार सदऱ्यांची शिलाई आणि वर थोडे पैसे एवढ्यावर सौदा ठरला. वाद्य आले, पण शिकवणार कोण? गावात गिटारीचे गुरुजी नव्हते. नांदेडला रोज जावे, तर एस.टी.त जाण्यायेण्यातच दिवस सरायचा. मुलाने मोबाइलवर धडे लावून दिले. त्यांतले परदेशी शब्द मास्तरांच्या कानावरून वाऱ्यासारखे निघून गेले. अखेर मदतीला धावून आले ते दत्ताच्या भजनात पेटी वाजविणारे आजोबा.

गिटारीला सहा तारा असतात. वरची सर्वांत जाड. ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. खालची सर्वांत बारीक. तिचे कंप सुमारे ३३०, म्हणजे जवळजवळ चौपट. दोन्ही तारांचा स्वर एकच. पण एक दुसरीहून दोन सप्तके वर बोलते. आजोबांना कंपांचे हे गणित ठाऊक नव्हते. पेटी मात्र ठाऊक होती. ते एकेक पट्टी दाबीत गेले आणि मास्तर खुंट्या पिळीत गेले. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या मोजल्या, तर गिटारीच्या सहा तारा वरून खाली अशा लागतात: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. मास्तरांनी कापडावर खुणा करण्याचा खडू घेतला आणि दुकानाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले: ३ ६ २ ५ ७ ३. पुढे कित्येक दिवस तो कोणत्या तरी सोडतीचा आकडा असावा, या समजुतीने लोक तो टिपून नेत होते म्हणतात!

आता मास्तरांच्या हाती त्यांच्या ओळखीचे एक साधन होते, ते म्हणजे फीत. तारेची मोकळी लांबी त्यांनी मोजली. ती भरली २५.५ इंच. मानेवर आडव्या बसविलेल्या पट्ट्यांना आपण सतारीप्रमाणे पडदे म्हणू. बारावा पडदा त्यांनी मोजला, तो बरोबर १२.७५ इंचांवर, म्हणजे नेमका निम्म्यावर! तेथे तार दाबली की तोच स्वर एक सप्तक वर चढून येतो. पहिला पडदा दीड इंचाहून किंचित अलीकडे, त्यानंतरचे अंतर त्याहून थोडे कमी, त्यापुढचे आणखी कमी. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा सुमारे अठरावा भाग कापून घेतो. ज्याने जन्मभर कापड बेतले, त्याला हा हिशोब उमगण्यास वेळ लागला नाही. 'म्हणजे बेतूनच केलंय की हे!' ते स्वतःशीच उद्गारले. एका तारेवर सा मोकळा धरला, तर रे दुसऱ्या पडद्यावर, ग चौथ्यावर, म पाचव्यावर, प सातव्यावर, ध नवव्यावर, नी अकराव्यावर, आणि बाराव्यावर वरचा सा. एवढे कळण्यास त्यांना एक संध्याकाळ लागली. ते हातात यायला सहा महिने लागले.

या सहा महिन्यांत त्यांना बोटांची नवी ओळख झाली. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अंगुस्तानाची जुनी खूण होती. कात्रीने अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पाडला होता. पण डाव्या हाताच्या बोटांची टोके मऊच राहिली होती. त्यांचे काम कापड हलकेच पुढे सरकविण्याचे. गिटार नेमकी तीच टोके मागते. पोलादी तार त्यांवर रुतते, लाल रेघ उमटते, दुसऱ्या दिवशी सुईचे टोकही धरवत नाही. आणि करंगळी! चाळीस वर्षे तिला कोणी काम सांगितले नव्हते. ती इतर बोटे चालू लागली की दूर उभी राहून मजा पाहत असे.

मजा पाहणारे आणखीही होते. गणवेशाचे माप द्यायला आलेली मुले बाकड्यावर बसून खिदळत. "मास्तर, या वयात काय शिकायलाव?" असे एकाने विचारलेच. बिचाऱ्याला ठाऊक नव्हते, की हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्सचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस उतारवयात कोनस नावाच्या वादकाकडे तंतुवाद्य शिकायला जाई. तेथली लहान मुले त्याला हसत, आणि कोनसला म्हाताऱ्यांचा शिक्षक म्हणून चिडवीत, असे प्लेटोने लिहून ठेवले आहे. ग्रीकांच्या त्या वाद्याचे नाव किथारा. गिटार हा शब्द त्याच कुळातला. वाद्य मात्र आज आपण पाहतो त्या घाटाचे एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये झाले. आंतोनिओ दे तोरेस या कारागिराचा त्यात मोठा वाटा आहे.

मास्तरांनी त्या मुलाला उत्तर दिले नाही. "हात वर कर," एवढेच म्हणून त्याचे माप घेतले.

मोठ्यांचा प्रश्न निराळा होता. याचा उपयोग काय? गणपतीत वाजविणार का? शिकवणी काढणार का? मास्तरांना यांपैकी काहीच करायचे नव्हते आणि हेच लोकांना उमजत नसे. येथे महात्मा गांधींच्या व्हायोलिनची आठवण होते. १८८८ साली ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले, तेव्हा अठरा वर्षांचे होते. आपण साहेबी थाटाचे गृहस्थ व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. उंची कपडे झाले, नाचाचे धडे झाले. मग पाश्चात्य संगीत कळावे म्हणून तीन पौंड देऊन व्हायोलिन घेतले. हा नाद सुमारे तीन महिने टिकला. पुढे त्यांचे डोळे उघडले आणि शिकविणाऱ्या बाईंकडे जाऊन त्यांनी विनंती केली, की येईल त्या किमतीला हे वाद्य विकून टाका. ही हकीकत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितली आहे. यात व्हायोलिनचा काय अपराध? ते ऐकण्यासाठी घेतलेच नव्हते. दिसण्यासाठी घेतले होते. मास्तरांची गोष्ट याच्या अगदी उलट. त्यांना कोणाला काही दाखवायचे नव्हते; म्हणून ते सूर चुकला तरी शरमत नसत आणि लागला तर लहान मुलासारखे हसत.

पण पहिली खरी परीक्षा आली ती लग्नसराईत. तोवर तारेने बोटांच्या टोकांना चांगले घट्टे पाडले होते. आता दुखत नसे. स्वर स्वच्छ निघे. एका नवरीच्या चोळीचे रेशीम मशीनखाली सरकविताना ती खरखरीत टोके कापडात अडकली, एक धागा ओढला गेला आणि कापडावर लांबलचक चुणी पडली. चुणी अशी, की ती इस्त्रीने जाणार नव्हती. मास्तरांनी ते कापड झाकून ठेवले नाही. ते स्वतः नवरीच्या आईकडे गेले, घडले ते सांगितले आणि दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बाजारातून आपल्या पैशाने तसेच रेशीम आणले. त्यात लग्नसराईची निम्मी मिळकत गेली. पैशापेक्षाही त्यांना लागले ते दुसरेच. ज्या बोटांनी घर चालविले, तीच बोटे आपण आपल्या हौसेपायी बिघडविली, हा विचार त्यांची पाठ सोडीना. त्यांनी गिटार गवसणीत घातली, नाडी आवळली आणि ती वरच्या खुंटीला टांगली.

अकरा दिवस ती तशीच होती. घट्टे सुटू लागले. बोटांच्या टोकांची कातडी पापुद्र्यांनी निघू लागली. बाराव्या दिवशी काकू जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या. त्यांनी टेबलावरच्या कापडांच्या घड्या उलगडल्या आणि त्यांचे दोन ढीग केले. एकात सुती, एकात रेशमी. रेशमी ढीग त्यांनी पिशवीत भरला.

"रेशमाचं काम आता माझ्याकडं द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं सुती बघा."

"तुला जमंल?"

"वीस वर्षं काजं-हुक मीच करायले. शिवण शिकायला काय वय लागतंय?"

मास्तर काही बोलले नाहीत. काकू गेल्यावर त्यांनी बाकडे ओढले आणि खुंटीपर्यंत हात पोहोचविला. त्या दिवसापासून त्या घरात शिकणारी माणसे दोन झाली. काकूंच्या पहिल्या चोळीची बाही उलटी लागली होती, ही गोष्ट मात्र दोघांनी बाहेर फुटू दिली नाही.

या गोष्टीला चार वर्षे झाली. मास्तरांना दत्ताची दोन भजने वाजविता येतात. तिसरे अर्धे येते. भजनातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, गिटारीच्या पडद्यांवर सहज साधत नाही. ब्रिजभूषण काबरा यांच्यासारख्या कलावंतांनी यावर उपाय म्हणून गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि तारांवरून पोलादी दांडी फिरवून राग वाजविले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली आणि फार गाजली. मास्तर त्या वाटेने गेले नाहीत. ते दाबलेली तार बोटाने जराशी बाजूला ओढतात आणि निघेल तेवढी मींड काढतात. गुरुवारी भजनाला बसले, तर टाळ पुढे जातात आणि गिटार मागे राहते. पेटीवाले आजोबा त्यांच्यासाठी कधी एखादा आवर्तनभर थांबतात, कधी थांबत नाहीत.

परवा सर्वांत बारीक तार तुटली. ती हदगावात मिळत नाही; नांदेडला जायचे, तर गणवेशाचे दिवस ऐन भरात. मास्तरांनी भिंतीवरचा शेवटचा तिनाचा आकडा ओल्या फडक्याने पुसला आणि उरलेल्या पाच तारांवर तिसऱ्या भजनाच्या कोणत्या ओळी बसतात, हे ते मशीन बंद झाल्यावर चाचपून पाहत आहेत. करंगळी अजून ऐकत नाही.